‘डीएनए रक्तात असतो’ : नववीच्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात आनुवंशिकता शिकवून झाल्यावर घेतलेल्या घटक चाचणीत मी पाठ्यपुस्तकाबाहेरचा एक लहानसा प्रश्न घातला होता : ‘आंब्याच्या पानात डीएनए कोठे असतो?’ निम्म्याहून अधिक उत्तरपत्रिकांत त्याचे उत्तर चुकलेले होते आणि चुकण्याची तऱ्हा जवळजवळ सर्वत्र एकच होती. काहींनी ‘पानाच्या रसात’ असे लिहिले, काहींनी ‘शिरांमध्ये’ असे लिहिले, आणि एका मुलाने अगदी स्वच्छ अक्षरात लिहिले होते, ‘आंब्याला रक्त नसते, म्हणून त्याच्या पानात डीएनए नसतो.’ याच मुलाने मागच्या प्रश्नाला डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची सुबक आकृती काढून शिडीच्या पायऱ्या बनवणाऱ्या चारही बेसची नावे बिनचूक दिली होती आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

त्या उत्तरपत्रिकेवर लाल शाई वापरताना माझा हात थांबला, कारण मुलाचा तर्क चोख होता. डीएनए रक्तात असतो हे गृहीत धरले, तर रक्त नसलेल्या झाडात तो नसणार, हा निष्कर्ष ओघानेच येतो. चूक त्या गृहीतात होती, आणि ते गृहीत मी दोन आठवडे शिकवूनही जागचे हललेले नव्हते. पुढच्या आठ तासिकांत ते हलवण्यासाठी जे केले, त्यात काय साधले व काय फसले, याची ही नोंद आहे.

गृहीत आले कोठून, हे शोधण्यास फार लांब जावे लागले नाही. आपली भाषाच ते मुलांच्या हाती देते. सख्ख्या नात्याला आपण रक्ताचे नाते म्हणतो. मुलगा बापासारखा पोहू लागला की ‘त्याच्या रक्तातच आहे’ असे कौतुकाने बोलतो, आणि घराण्याचा अभिमानही रक्ताच्याच नावाने सांगतो. दूरचित्रवाणीवरील गुन्हेशोधाच्या मालिकांत डीएनए चाचणी म्हटली की रक्ताची बाटली दाखवतात. या सगळ्याच्या जोडीला मी काय दिले होते? पहिल्याच तासिकेला फळ्यावर पिळाच्या शिडीचे चित्र. ती शिडी शरीरात नेमकी कोठे असते, हे सांगणारे ‘पेशीच्या केंद्रकात’ हे दोन शब्द मी उच्चारले होते खरे, पण आठवीत शिकलेली पेशी व तिची अंगके मुलांच्या मनात तोवर पुसट झालेली होती. मुलांना शिडी मिळाली, पण ती उभी करायला जागा मिळाली नाही. तेव्हा भाषेने आधीच तयार ठेवलेल्या जागी, म्हणजे रक्तात, त्यांनी ती नेऊन ठेवली.

म्हणून दुसऱ्या फेरीत सर्पिलाचे चित्र पूर्णपणे बाजूला ठेवायचे आणि आधी केंद्रक डोळ्यांनी पाहायचे, असे ठरवले. सुरुवात कांद्याच्या पापुद्र्यापासून केली. हा प्रयोग सर्वांना ठाऊक असल्याने त्यावर अधिक लिहीत नाही. आयोडीनचा थेंब, काचपट्टी, विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी आणि प्रत्येकीत कडेला सरकलेला एक पिवळसर तपकिरी ठिपका. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये ऑर्किडच्या पानांच्या पेशींत असाच ठिपका पुन्हापुन्हा पाहून त्याला केंद्रक हे नाव दिले, एवढे मी सांगितले. त्या ठिपक्यात काय असते, हे ब्राऊन यांना माहीत नव्हते, हेही सांगितले. मुलांना हे आवडले. पाहणे आधी आणि समजणे नंतर, हा क्रम वैज्ञानिकांच्या बाबतीतही घडतो, याचा त्यांना दिलासा वाटला असावा.

खरे काम पुढच्या तासिकेत झाले आणि ते बांगड्याने केले.

रक्ताबद्दलची समजूत रक्त दाखवूनच हलवायला हवी होती. मात्र मुलांच्या बोटाला सुई टोचून रक्त काढणे शाळेत योग्य नव्हे, त्यामुळे माशाचे रक्त घ्यावे असे ठरले. एका मुलाचे वडील रापणीवर जातात. त्याने सकाळी ओढलेल्या जाळ्यातला ताजा बांगडा बर्फाच्या पिशवीतून आणला. हातमोजे घालून मी कल्ल्यांजवळ छेद दिला, आलेले रक्त घाईघाईने नळाच्या पाण्यात मिसळून पातळ केले, काचपट्टीवर पसरले आणि मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला. चाळीस पट वस्तुभिंगाखाली पाहिले तर पेशी कोठेच दिसत नव्हत्या. निळ्या रंगाचे लांबटगोल ठिपके मात्र सगळीकडे विखुरलेले होते.

चूक माझी होती. पेशीच्या आतील द्रवात क्षार असतात, त्यामुळे साध्या पाण्यात टाकलेल्या रक्तपेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. हे मी दरवर्षी परासरणाच्या पाठात शिकवते आणि तरी घाईत विसरले. पण फुटलेल्या पेशींतून मागे काय उरले, हा प्रश्न मी चटकन वर्गापुढे ठेवला. लिटरभर पाण्यात सुमारे ९ ग्रॅम मीठ या प्रमाणाचे द्रावण करून दुसरी काचपट्टी तयार केली, तेव्हा त्यावर अखंड, लांबटगोल, फिकट पेशी दिसल्या आणि प्रत्येकीच्या मधोमध तोच निळा ठिपका होता. दोन सूक्ष्मदर्शक शेजारी ठेवून मुले एकीवरून दुसरीवर जात होती. एक मुलगी म्हणाली, “बाई, पहिल्या काचेवर शहाळं फुटलंय आणि आतली मलई तेवढी राहिलीय.” उपमा सर्वस्वी बरोबर नाही, पण पेशी हे घर आहे आणि केंद्रक ही त्या घरातील स्वतंत्र, स्वतःचे आवरण असलेली खोली आहे, ही गोष्ट तिला त्या क्षणी उमगली होती. फसलेली काचपट्टी मी आता मुद्दाम करते.

नंतर शाळेच्या पेटीतली मानवी रक्ताची कायमस्वरूपी काचपट्टी लावली. तांबड्या पेशी गोल, मध्यभागी फिकट, आणि एकीतही केंद्रक नाही. अधूनमधून मोठी, जांभळट केंद्रक असलेली पांढरी पेशी. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ज्याने आंब्याला रक्त नसते असे लिहिले होते त्याच मुलाने विचारले, “म्हणजे आपल्या लाल रक्तात डीएनए नाहीच?” माणसाच्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशींतून केंद्रक बाहेर टाकले जाते आणि हिमोग्लोबिनला जागा होते, मासे, बेडूक व पक्षी यांच्या तांबड्या पेशींत ते टिकून राहते, आणि रक्त तपासून डीएनए मिळतो तो प्रामुख्याने पांढऱ्या पेशींतून, हे तेव्हा सांगितले. ज्या रक्ताला मुले डीएनएचे घर समजत होती, त्यातील सर्वांत संख्येने मोठ्या पेशींत तो जवळजवळ नसतोच, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. रक्ताची समजूत मोडली ती त्या काचपट्टीने. माझ्या आधीच्या दोन आठवड्यांच्या बोलण्याने ती मोडली नव्हती, हे मला नमूद केले पाहिजे.

येथेच फ्रीडरिश मीशर यांची हकिकत सांगणे सोयीचे झाले. १८६९ मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगन येथे या तरुण स्विस वैद्याने शस्त्रक्रियेच्या रुग्णालयातून पू लागलेल्या पट्ट्या मागवल्या, कारण पुवात पांढऱ्या पेशी भरपूर असतात. त्या धुऊन, त्यांतील केंद्रके वेगळी करून त्यांना एक असा पदार्थ मिळाला, जो डुकराच्या जठरातून काढलेल्या पेप्सिनने पचत नव्हता आणि ज्यात फॉस्फरसचे प्रमाण बरेच होते. प्रथिनांसारखा तो नव्हता. केंद्रकातून मिळाला म्हणून त्यांनी त्याला न्यूक्लीन म्हटले. त्यांचे गुरू होपे-झाइलर यांनी प्रयोग स्वतः पुन्हा करून खात्री केल्यावरच तो निबंध १८७१ मध्ये छापला गेला. पुढे बाझल येथे मीशर यांनी ऱ्हाइन नदीतील सामन माशांच्या शुक्रपेशींकडे मोर्चा वळवला, कारण शुक्रपेशीचे डोके म्हणजे बहुतांशी केंद्रकच असते. किनाऱ्यावरच्या मुलांना हे ऐकून आश्चर्य वाटले नाही. मादीच्या पोटात गाबोळी असते आणि नराच्या पोटात पांढरी, लोण्यासारखी पिशवी असते, हे त्यांना घरी मासा साफ करताना ठाऊक झालेले होते.

आता केंद्रकातील पदार्थ बाहेर काढून पाहण्याची वेळ आली. कांदा किसून मिठाच्या पाण्यात घातला, त्यात भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब टाकून मिश्रण दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवले आणि मलमलीच्या फडक्यातून गाळले. साबणाने पेशीचे व केंद्रकाचे मेदयुक्त पटल विरघळते. मिठातील सोडियम डीएनएच्या ऋणभारित कण्याभोवती जमते, त्यामुळे त्याचे तंतू एकमेकांना दूर लोटण्याऐवजी एकत्र येऊ शकतात. मासळीच्या पेटीतल्या बर्फात गार केलेले स्पिरिट परीक्षानळीच्या काठाने सावकाश सोडले, आणि दोन थरांच्या सीमेवर पांढरे, बुडबुडे अडकलेले धागे वर चढू लागले. काचेच्या कांडीवर ते गुंडाळले गेले तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “हा डीएनएच आहे कशावरून? कांद्याचा चिकटपणा नसेल कशावरून?”

आजवरच्या तुकड्यांना मी हे धागे दाखवून ‘हा पाहा डीएनए’ असे निःशंकपणे सांगत आले होते. त्या मुलीला तसे सांगणे मला जमले नाही. दुसऱ्या दिवशी मी अंड्यातील पांढरा बलक गाळून नळीत घेतला आणि त्यावर तसेच गार स्पिरिट सोडले. पांढरे तंतू आणि गुठळ्या तेथेही दिसल्या. बलकात पेशी जवळजवळ नसतातच, म्हणजे हे तंतू प्रथिनांचे होते. अर्थात स्पिरिटमध्ये पांढरे दिसणारे सर्व काही डीएनए नसते. कांद्याच्या नळीतील पुंजक्यात डीएनए निश्चित आहे, पण त्याच्यासोबत आरएनए, प्रथिने आणि पेशीभित्तिकेतील पेक्टिनही आहे, आणि फळांचा गर वापरला तर पेक्टिनचा वाटा आणखी वाढतो. आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. डीएनएच्या एकेका रेणूची जाडी सुमारे २ नॅनोमीटर असते, त्यामुळे डोळ्यांना दिसणारा धागा हा एक रेणू नसतो. असंख्य रेणूंचा तो गुंता असतो.

मुलांनी उपायही सुचवले. मटण लवकर शिजावे म्हणून घरी कच्ची पपई लावतात, तीच कांद्याच्या गाळात घातली तर प्रथिने पचून जातील, असे एकाने म्हटले. मीशर यांनी पेप्सिन वापरून हेच केले होते, त्यामुळे सूचना अतिशय चांगली होती. पण पपईच्याही पेशी असतात, तिचाही डीएनए गाळात येईल, तेव्हा नुसत्या पपईची एक नळी वेगळी ठेवावी लागेल, असे दुसऱ्याने लगेच दाखवून दिले. या तासिकेत मुले ज्या प्रकारे बोलत होती, ते ऐकण्यासाठी मी आणखी दोन तासिका खर्च करायला तयार होते. प्रयोगाला जोडनियंत्रण, म्हणजे तुलनेसाठी वेगळी ठेवलेली नळी, का लागते, हे मी त्यांना कधीच इतक्या चांगल्या रीतीने शिकवू शकले नसते.

एवढ्या तयारीनंतर सर्पिलाकडे वळलो, आणि या वेळी फळ्याऐवजी हातात सुंभ दिला. आमच्याकडे काथ्याचा सुंभ प्रत्येक घरात असतो. दोन पदर एकमेकांवर पीळ देऊन वळलेला असल्याने तो उलट्या दिशेने फिरवला की पदर सुटे होतात. प्रत्येक जोडीने हातभर सुंभ उकलून पाहिला. सुटलेल्या पदरातही जुन्या वळणाची लाट राहते, आणि जळला तरी पीळ न सोडणाऱ्या सुंभाची म्हण कोणीतरी आपसूक म्हणाले. डीएनएची नक्कल होताना त्याचे दोन पदर असेच सुटतात व प्रत्येक पदरासमोर नवा पदर बांधला जातो, हे सांगण्यास याहून चांगले साधन मला मिळाले नसते. पण सुंभाचे दोन्ही पदर एकसारखे असतात, डीएनएचे मात्र एकमेकांना पूरक असतात : एका पदरावर ॲडेनिन असेल तेथे समोर थायमिन, ग्वानिन असेल तेथे समोर सायटोसिन. हा फरक सांगितला नाही तर उपमा दिशाभूल करते. म्हणून मुलांनी दोन पदरांवर चार रंगांच्या दोऱ्यांच्या गाठी मारल्या, आणि एका पदरावरील गाठी पाहून दुसऱ्या पदरावर कोणत्या रंगाची गाठ हवी ते ठरवले. १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी ही रचना मांडली, तिच्यामागे रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरण छायाचित्रे होती, आणि १९६२ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा फ्रँकलिन हयात नव्हत्या, हे सांगताना मुली विशेष लक्ष देऊन ऐकत होत्या.

मापाचा अंदाज यावा म्हणून शहाळे वापरले. माणसाच्या एका पेशीतील ४६ गुणसूत्रांमधला डीएनए सरळ करून टोकाला टोक जोडला तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरते, आणि केंद्रकाचा व्यास असतो सुमारे ६ मायक्रोमीटर. केंद्रक तीस हजार पट मोठे करून १८ सेंटिमीटरच्या शहाळ्याएवढे केले, तर धागा ६० किलोमीटर लांब आणि केसाएवढा जाड होईल. हा गुणाकार मुलांनीच फळ्यावर केला. साठ किलोमीटरचा केस एका शहाळ्यात कसा मावतो, या प्रश्नातून हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळण्याची आणि गुणसूत्रांची गोष्ट आपोआप निघाली. शहाळ्याबद्दल आणखी एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. कोवळ्या शहाळ्याचे पाणी हा भ्रूणपोषच, म्हणजे बीजातील गर्भासाठीचा अन्नसाठाच असतो आणि त्यात पेशीभित्तिका नसलेली मोकळी केंद्रके हजारोंच्या संख्येने असतात. पुढे त्यांच्याभोवती भित्तिका तयार होऊन आतले खोबरे धरते. आपण ज्याला नुसते गोड पाणी समजतो, ते केंद्रकांनी भरलेले असते. तसेच, डीएनए अधिक म्हणजे प्राणी अधिक प्रगत, ही समजूत काढून टाकण्यास कांदा पुरेसा आहे : कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात, पण डीएनए माणसाच्या सुमारे पाचपट असतो.

शेवटी आंब्याकडे परतलो, कारण प्रश्न आंब्याच्या पानाचा होता. वर्गातील एका मुलाच्या घरी रोपवाटिका आहे. पावसाळ्यात कोय कलमे बांधली जातात. रायवळ कोयीपासून रुजलेल्या, तांबूस पानांच्या कोवळ्या रोपावर हापूसची कलमकाडी पाचर करून बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. त्या मुलाचे आजोबा आमच्या विनंतीवरून शाळेत आले आणि चाकूच्या एका झटक्यात पाचर घेऊन त्यांनी कलम बांधून दाखवले. खाली रायवळ असूनही वर हापूस का येतो, असे मुलांनी विचारल्यावर ते म्हणाले, “झाड खुंटाचा नाय, काडीचा आसता.” त्यांच्या त्या एका वाक्यात माझा पाठ होता. काडीवरील प्रत्येक डोळा, पान, मोहोर आणि कैरी ही काडीच्याच पेशी विभागून तयार होते, त्या पेशींच्या केंद्रकांत हापूसच्याच ४० गुणसूत्रांची नक्कल जाते, आणि खुंट पाणी व क्षार पुरवतो. याउलट हापूसची कोय पेरली तर तिच्यातील गर्भ परागसिंचनातून आलेला असतो, म्हणजे निम्मा वारसा मातेचा आणि निम्मा ज्या झाडाचा पराग पडला त्याचा. त्यामुळे झाड हापूस निघेल याची खात्री नसते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात झाली, आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातून पातळ कोयीची ‘सिंधू’ झाली, हे मुलांच्या घरच्या बागांतलेच उदाहरण होते.

महिन्याभराने तोच प्रश्न पुन्हा विचारला. बहुतेकांनी ‘पानाच्या पेशींच्या केंद्रकात’ असे लिहिले, आणि काहींनी हरितलवके व तंतुकणिका यांतही थोडा डीएनए असतो हे न विचारता जोडले. दोघांनी पुन्हा ‘रसात’ असेच लिहिले. त्यांच्याशी बोलल्यावर कळले की बांगड्याच्या तासिकेला दोघेही गैरहजर होते.

बाकी राहिला तो एका मुलीचा प्रश्न. आजोबांनी बांधलेले कलम शाळेच्या आवारात लावले होते, त्याच्या जोडाखालून खुंटाला एक फुटवा आला. रोपवाटिकेत असा फुटवा लगेच काढून टाकतात. मुलांनी तो राखून त्याला पांढरी दोरी बांधली, कारण जोडावर काडीचा आणि खुंटाचा डीएनए एकमेकांत मिसळत नाही का, हे त्या मुलीला पाहायचे होते. तंबाखूच्या कलमांमध्ये जोडाच्या अगदी लगतच्या पेशींत हरितलवकांचा डीएनए एका बाजूकडून दुसरीकडे गेल्याचे २००९ मध्ये दाखवले गेले आहे, एवढे मी तिला सांगितले. मग तिने फुटव्याच्या आणि काडीच्या कोवळ्या देठांची पातळ साल काढून दोन काचपट्ट्या केल्या आणि दोन सूक्ष्मदर्शकांखाली लावल्या. बराच वेळ एकीकडून दुसरीकडे पाहिल्यावर ती म्हणाली, “बाई, दोन्हीकडची केंद्रकं अगदी सारखी दिसतात. मग हापूसपण आहे कुठे?” मी कपाटातून गाठी मारलेला सुंभ काढून तिच्यापुढे ठेवला, आणि ती रंगांचा क्रम मोजू लागली.